बायकांच्या बाजूची फोटोग्राफर

दोह्याहून माणूस आला की सामानात काय निघणार, हे पनवेलच्या मोहल्ल्यात सगळ्यांना तोंडपाठ असायचं. वाघाच्या चित्राचं जाड ब्लँकेट, संत्र्याच्या सरबताच्या पावडरीचा डबा, गुडघ्याला चोळायचं मलम, सासूला अत्तर आणि बायकोला काळं कापड. पण २००६ च्या उन्हाळ्यात महमूदच्या दोस्तानं त्याच्या बायकोच्या, शरीफाच्या हातात जी पिशवी ठेवली, तिच्या तळाशी मोज्यात गुंडाळलेली साबणाच्या वडीएवढी चंदेरी वस्तू निघाली. डिजिटल कॅमेरा! अख्ख्या गल्लीतला पहिला.

महमूद दोह्यात एसी दुरुस्तीच्या कामावर होता, अकरा वर्षं झाली. दोन वर्षांतून एकदा घरी यायचा. मुलगी हादिया सहा वर्षांची झाली, पण बापानं तिला सगळं मिळून पाच महिने पाहिलेलं. म्हणून हा खटाटोप. शरीफानं पोरीचे फोटो काढायचे, उरण नाक्याजवळच्या सायबर कॅफेतून ते ईमेलनं पाठवायचे आणि बापानं तिकडे बसून डोळे भरून बघायचे. फोनवर तो म्हणाला, "फार काही नाही गो. बटण दाबायचं, फोटो निघतो." पुरुषांना सगळंच 'फार काही नाही' वाटतं, कारण ते काम त्यांना करायचं नसतं.

पहिल्या दिवशीच्या फोटोंचं काय वर्णन करावं! एकात हादियाचा फ्रॉक आणि चपला, वर डोकं नाही. एकात कोंबड्याची शेपटी. पाच-सहा फोटोंत कोपऱ्यात गुलाबी धुकं, ते शरीफाचंच बोट. सासूनं चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "ही कोण?"

"हादिया."

"मग डोकं कुठाय तिचं?"

"वर राहिलं," शरीफा म्हणाली, आणि तिला स्वतःचीच भयंकर लाज वाटली. दहावीपर्यंत शिकलेली, शिवणकामात हात बसलेली बाई ती. एवढ्याशा डबीनं आपली फजिती करावी, हे तिला झोंबलं. त्या संध्याकाळी तिनं ठरवलं, ही डबी मला आली पाहिजे. कुणासाठी नाही, माझ्यासाठी.

आता यात एक गोम होती. दोह्याच्या दुकानदारानं कॅमेरा चालू करून दाखवला तेव्हा त्याची भाषा अरबीच ठेवली होती. पडद्यावर जे काही उमटायचं ते सगळं अरबीत. आणि शरीफाला अरबी वाचता यायचं! लहानपणी मदरशात कुराण शिकलेली, अक्षरं घडाघडा वाचायची, उच्चार तर असे शुद्ध की उस्तादांनी शाबासकी दिली होती. अर्थ मात्र ओ की ठो कळायचा नाही. सेटिंगची यादी उघडून ती पहिल्यांदा मोठ्यानं वाचायला लागली तेव्हा समोर कोळंबी सोलत बसलेल्या सासूनं घाईघाईनं हात धुतले, डोक्यावर पदर ओढला आणि मान खाली घालून बसली. शरीफा थांबली तशी म्हातारी म्हणाली, "मध्येच थांबू नको, पूर्ण कर."

"अम्मी, हे कॅमेऱ्याचं आहे."

"मेले, मग आधी सांगायचं नाही?" म्हणत सासू पुन्हा कोळंबीकडे वळली. पण त्या दिवसापासून शरीफानं त्या यादीचा नाद सोडला. तिला चार बटणं पुरेशी होती. चालू करायचं, फोटोचं, जवळ-लांब करायचं, आणि कचऱ्याच्या डब्याचं चित्र असलेलं. बिघडलेला एखादा फोटो फेकायचा असला की ते चौथं बटण. चित्र होतं म्हणून कळलं.

आणि मग बाई जी मागे लागली! कोंबडा, वाळत घातलेले बोंबील, शेजारणीची तान्ही पोर, खिडकीतली तुळस, चुलत सासऱ्यांची काठी, समोर येईल त्याचा फोटो. रोलचा खर्च नाही, धुवायचा खर्च नाही, चुकलं की डबा आणि पुन्हा. बटण अर्धंच दाबून श्वास रोखायचा, चौकट हिरवी झाली की मगच पुरतं दाबायचं, हे तिला कुणी शिकवलं नाही. दोनशे बिघडलेल्या फोटोंनी शिकवलं. कोपरं बरगड्यांना टेकवली की हात हलत नाही. खिडकीजवळ बसवलं की सावळी बाईसुद्धा उजळते, आणि फ्लॅश मारला की गोरी बाईसुद्धा पिठाच्या डब्यातून काढल्यासारखी दिसते. त्यावर तिनं तोड काढली. जुन्या मलमलच्या ओढणीचा तुकडा फ्लॅशवर बोटानं धरायचा. उजेड गाळून पडायचा आणि चेहरा चेहऱ्यासारखा यायचा. हे जमलं त्या दिवशी ती स्वयंपाकघरात एकटीच टाळ्या वाजवत होती.

दर आठवड्याला ती गुरुदत्तच्या सायबर कॅफेत जायची. गुरुदत्त विशीतला, सरळमार्गी. बाहेर चपला काढायला लावायचा आणि सगळ्यांना चहा विचारायचा. ती खुर्चीवर बसून सांगायची, तो हादियाचे चार फोटो ईमेलला जोडायचा. माउसला तिनं कधी हात लावला नाही. "तुम्हीच करा, गुरुदत्तभाऊ, माझ्यानं काही पुसलं-बिसलं गेलं तर?" असं म्हणायची. पुढे काय वाढून ठेवलंय ते तेव्हा कुणाला माहीत होतं!

आठ महिन्यांनी, २००७ च्या फेब्रुवारीत, खैरूखाला घरी आल्या. खैरूखाला म्हणजे सगळ्यांची मावशी आणि मोहल्ल्याचं हायकोर्ट. कुणाची सोयरीक कुठे जमवायची, बिर्याणीला भटारी कुठला, कुणाशी बोलणं टाकायचं, सगळे निकाल त्यांच्या ओट्यावर लागायचे. त्यांच्या एकुलत्या एका लेकीचं, जिक्राचं, लग्न ठरलं होतं. मुलगा कुवेतला. निकाह झाला की पंधरा दिवसांत लेक विमानात बसणार.

"तुझ्या डब्यात रोल नसतो म्हणे?" खालांनी बसल्या बसल्या विचारलं.

त्या का विचारत होत्या ते शरीफाला लगेच कळलं. मोहल्ल्यातल्या लग्नांत मेहंदी बायकांची. दारं लावून घ्यायची, बुरखे खुंटीला, केस मोकळे, ढोलकी, नाच, अचकट-विचकट गाणी, आणि पुरुषाची सावलीसुद्धा नाही. तिथे फोटोग्राफर कसा येणार? आणि एखाद्या बहिणीनं रोलच्या कॅमेऱ्यावर काढलेच फोटो, तर धुवायला स्टुडिओत द्यावे लागायचे, म्हणजे चार परक्या पुरुषांच्या हातांतून जायचे. मागे एका मुलीचा मेहंदीतला फोटो कुठल्याशा स्टुडिओच्या काचेत लागला होता. तिच्या बापानं तो उतरवला, पण त्या दिवसापासून खालांनी हुकूमच काढला: मेहंदीत फोटो नाही. कित्येक मुली आपल्या लग्नातला सगळ्यांत आनंदाचा दिवस नुसता आठवणीत घेऊन सासरी गेल्या.

"रोल नसतो, खाला. धुवायला जायचं नाही. बाईनं काढायचे, बायकांनी टीव्हीवर बघायचे."

"लेक चालली माझी," खाला म्हणाल्या, आणि हायकोर्टाचा आवाज एकदम कापला. "ती नसताना बघायला काहीतरी पाहिजे मला. पण शरीफा, एकाही पुरुषाची नजर पडता कामा नये. जबान दे."

शरीफानं जबान दिली. अशी जबान देणं म्हणजे काही तोंडी लावायची गोष्ट नव्हे. ती मोडली असती तर मोहल्ल्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती, आणि त्या दरवाज्यांच्या आत पुन्हा कुणी कॅमेरा जाऊ दिला नसता. पण जमलं, तर? नवऱ्याची बायको, पोरीची आई, सासूची सून, या सगळ्यांपलीकडे तिला आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं असं काही मिळणार होतं. तिला ते हवं होतं. फार हवं होतं.

गुरुवारी दुपारी मेहंदी झाली. शरीफानं एकाहत्तर फोटो काढले आणि त्यातला एकही डोक्याविना नव्हता. खिडकीपाशी हिरव्या कपड्यांतली जिक्रा, हात पुढे धरून, नाकाला खाज सुटली म्हणून वेडीवाकडी तोंडं करणारी. नाचता नाचता चटईवर बसकण मारलेली सत्तरीची फुफू, जिक्राची आत्या. ढोलकीवर थाप मारताना सगळे दात दाखवणारी शेजारीण. मलमलचा तुकडा धरून धरून बोट आखडलं, पण तिला भान नव्हतं. उद्या संध्याकाळी, निकाहाच्या आदल्या दिवशी, सगळ्या बायकांनी जमून टीव्हीवर बघायचं असं ठरलं.

घरी येऊन ती पलंगावर टेकली. दिवेलागणीची, मगरिबची अजान व्हायची होती. सगळे फोटो एकदम कसे दिसतील ते बघावं, असं तिच्या मनात आलं. एक एक पुढे सरकवायचा कंटाळा आला होता. आणि जिला आठ महिने हात लावला नव्हता ती यादी तिनं उघडली. एक ओळ आली: हज़्फ अल-कुल. 'कुल' म्हणजे सगळं, एवढं तिला मदरशातल्या शिकवणुकीतून ठाऊक होतं. म्हणजे 'सगळे दाखवा' असंच असणार! तिनं ती ओळ अगदी उस्तादांना आवडेल अशा शुद्ध उच्चारात वाचली आणि बटण दाबलं. काहीतरी विचारलं गेलं, तिनं तेही नीट वाचून पुन्हा दाबलं.

पडदा काळा झाला. मग करडा. मग एक ओळ, आणि फोटो एकही नाही.

तिनं बंद करून चालू केला. सेल काढून घातले. कॅमेरा उलटा धरून हलवलासुद्धा, जसे फोटो आत कुठे अडकले असतील. मग तिनं महमूदला मिस्ड कॉल दिला. त्याचा फोन आल्यावर तिनं ती ओळ वाचून दाखवली.

"अगो, हज़्फ म्हणजे पुसणं," महमूद हळूच म्हणाला. "सगळे पुसून टाका, असं होतं ते."

शरीफा ओक्साबोक्शी रडली. महमूद बिचारा दीड हजार मैलांवरून "रडू नको गो, गुरुदत्तला विचार" यापलीकडे काय करणार! ती रात्र तिनं कशी काढली ते तिलाच माहीत.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजाला मोहल्ल्यातले झाडून सारे पुरुष मशिदीत जातात. तीच वेळ साधून ती निघाली, म्हणजे कुणी बघणार नाही. गुरुदत्तनं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, "भाभी, त्यानंतर कॅमेऱ्यातल्या त्या मेमरी कार्डवर एकही फोटो काढला नाही ना?"

"हात नाही लावला."

"मग रडताय कशाला? पुसलं म्हणजे फक्त पाटी काढली. सामान आतच असतं, त्यावर दुसरं काही ठेवेपर्यंत. परत आणायचा प्रोग्राम आहे माझ्याकडे. द्या कार्ड, अर्ध्या तासात सगळे फोटो समोर."

शरीफानं कार्ड पुढे केलं आणि झटकन मागे घेतलं. "समोर म्हणजे तुमच्यासमोर?"

"बघितल्याशिवाय कसं करणार?"

"तुम्ही बघायचं नाही. मी जबान दिलीय."

गुरुदत्तनं डोकं खाजवलं. दुसरा कुणी असता तर हसला असता किंवा हात झटकले असते. हा पठ्ठ्या उठला, आत बसलेल्या दोन गिऱ्हाइकांना "लाइन गेलीय" सांगून बाहेर काढलं, कार्ड वाचायचं यंत्र जोडून दिलं, प्रोग्राम उघडला आणि खुर्ची शरीफापुढे सरकवली. "मी दारात उभा राहतो, रस्त्याकडे तोंड करून. शटर उघडंच राहू दे, उगाच कुणी काही बोलायला नको. काय दिसतंय ते तुम्ही सांगायचं, काय करायचं ते मी सांगतो."

"पण मला माउस धरता येत नाही!"

"कॅमेरा तरी कुठे येत होता?" असं म्हणून तो पाठमोरा झाला.

आणि सुरू झाली ती कसरत! शरीफाचा बाण पडद्यावर माशीसारखा भिरभिरत होता, आणि गुरुदत्त दारात हाताची घडी घालून रस्त्याला सूचना देत होता. "डावीकडे काय लिहिलंय?" "एस, सी, ए, एन." "स्कॅन! दाबा. एकदाच. डावं बटण." "हिरवी पट्टी सरकतेय, गुरुदत्तभाऊ!" "सरकू द्या." पट्टी अशी सरकत होती जशी म्हातारी जिना चढते. वीस मिनिटं गेली, चाळीस गेली. शरीफाचे ओठ दुआ पुटपुटत होते, हात माउसवर घट्ट.

इकडे रस्त्यापलीकडे हौसा मासे घेऊन बसली होती. मोरा बंदराची कोळीण, पाटीत कोळंबी आणि बोंबील, आवाज असा की बसस्टँडवर ऐकू जावा. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नाही, आणि समोर हा तरुण माणूस टक लावून तिच्याकडेच बघत उभा! दहा मिनिटं तिनं सोसलं. मग भडकलीच. "काय रं, काय बगतंस? मासं घ्यायचं हायत का?"

"नाही मावशी."

"मग तोंड फिरव की मेल्या तिकडं!"

"फिरवता येत नाही, मावशी," गुरुदत्त म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. हौसानं मग त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, पण हा दारातून हलला नाही आणि मानही वळवली नाही.

आणि आत एकदम शरीफा किंचाळली. पडद्यावर छोटासा चौकोन उमटला होता. हिरवे कपडे, पुढे धरलेले हात. जिक्रा! मग दुसरा चौकोन, तिसरा, फुफू, ढोलकी, एकामागून एक नुसती रांग लागली. "आले! आले हो! सगळ्या आल्या!" ती खुर्चीत उड्या मारत होती, रडत होती, हसत होती. दारातला माणूसही तोंडभर हसला, रस्त्याकडे बघत. त्या हसण्याचा हौसानं काय अर्थ लावला असेल ते सांगायला नको.

अडुसष्ट फोटो परत आले. तीन गेले ते गेलेच. गुरुदत्तनं पाठमोऱ्यानंच सांगितलं तशी तिनं सीडी भरली, कारण खालांच्या घरी सीडी लावायचं यंत्र होतं. शेवटी तो म्हणाला, "आता माझ्या कॉम्प्युटरवरचे सगळे पुसा. रिसायकल बिनसुद्धा. नाहीतर आळ माझ्यावर यायचा." शरीफानं पुन्हा एकदा 'सगळे पुसा' दाबलं, या खेपेला नीट समजून-उमजून. दोन तास होऊन गेले होते. आजवर माउस नावाच्या उंदराला भ्यायलेली ती बाई सीडी पदराखाली धरून ताठ मानेनं घरी गेली.

पण मोहल्ला म्हणजे मोहल्ला! पुरुष मशिदीत होते, बायका तर खिडकीत होत्या ना. संध्याकाळी खालांच्या घरी तीस-पस्तीस बायका दाटीवाटीनं बसल्या होत्या. दार लागलं, टीव्ही चालू झाला, शरीफानं सीडी काढली. आणि खैरूखाला टीव्हीच्या पुढ्यात आडव्या उभ्या राहिल्या.

"आधी एक सांग. दुपारी त्या सायबरवाल्याकडे होतीस?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण ती उभी राहिली आणि सगळं सांगितलं. अरबी वाचलं ते, पुसलं ते, परत आणलं ते, सगळं. "पण त्यांनी एकही फोटो पाहिला नाही, खाला. दोन तास ते दारात पाठ करून उभे होते."

"दोन तास?" कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं. "परका पुरुष, पाठीमागे अख्ख्या मोहल्ल्याच्या पोरी, आणि त्यानं एकदा वळून पाहिलं नाही? लहान पोरांना सांग जा."

"कोण होतं बघायला?" खालांनी विचारलं. त्यांचा आवाज रागीट नव्हता, तुटलेला होता, आणि तेच जास्त वाईट होतं. "एक तरी साक्षीदार आहे?"

कुणी बघू नये म्हणून तर तिनं ती वेळ निवडली होती. जिक्रा खाली मान घालून बसली होती, मेहंदी रंगलेले हात मांडीवर. शरीफाला वाटलं, आता ही सीडी मोडून टाकायची, कॅमेरा कपाटात, आणि संपलं सगळं.

तेवढ्यात मागच्या दारानं हौसा आत आली. पाहुण्यांसाठी सांगितलेली कोळंबी घेऊन आली होती. पाटी उतरवता उतरवता तिच्या कानावर नाव पडलं, आणि ती जी उसळली! "कोन, तो सायबरवाला? त्याचं नाव काडू नका माज्यासमोर! आज दोन तास, दोन तास सांगते, दारात उबा राहून नुसता माज्याकडं बगत व्हता! मी शिव्या घातल्या, बोंबील दाखवला, तरी तोंड फिरवीना! माजी नातवंडं हायत त्याच्या वयाची!"

खाला सावकाश तिच्याकडे वळल्या. "हौसा, नीट आठव. एकदा तरी मागे वळला का तो?"

"वळला असता तर मी सुटले नसते का गो!"

जिक्रा फसकन हसली. नवरी हसली म्हटल्यावर सगळ्या सुटल्या. फुफूला उचकी लागली, कोपऱ्यातल्या त्या बाईनं ओढणीत तोंड लपवलं, आणि बिचारी हौसा सगळ्यांकडे बघत विचारत होती, "यात हासायसारकं काय हाय?" खैरूखालांनी तिला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. मग स्वतः टीव्हीपुढून बाजूला झाल्या आणि शरीफाला म्हणाल्या, "लाव."

मोहल्ल्यातल्या किती बायकांनी त्या संध्याकाळी स्वतःला पहिल्यांदा पाहिलं असेल! रेशनकार्डावरचा आणि पासपोर्टवरचा, एवढेच त्यांचे फोटो, मेलेल्या माशासारखे डोळे वटारलेले. इथे त्या नाचत होत्या. "अगो, ही मी?" "थांब, मागे घे!" "माझे केस बघ गो!" आणि मग एक फोटो आला जो काढताना शरीफालाही आठवत नव्हता. स्वयंपाकघराच्या दारातून खैरूखाला लेकीकडे बघतायत, तोंडावर ओढणीचं टोक, आणि डोळ्यांत असं काही, की खोलीतला गलका आपोआप थांबला. जिक्रा उठून आईच्या गळ्यात पडली. खालांनी रडत रडतच हात लांब करून शरीफाचं डोकं आपल्याकडे ओढलं. "उद्या निकाहाला सकाळीच ये," त्या म्हणाल्या, "आणि त्याच्या पुढच्या सगळ्या लग्नांना."

हायकोर्टाचा निकाल होता तो, कुणाची टाप होती मोडायची! त्या वर्षी अकरा लग्नं झाली, पुढच्या वर्षी सत्तावीस. उरण, मोरा, ओवे, जिथे जिथे बायकांचं दार लागायचं तिथे तिथे शरीफाभाभी आत असायची. तिनं फोटो छापायचं छोटं यंत्र घरी आणलं, मग मोठा कॅमेरा घेतला, मग स्कूटी. कॅमेऱ्याची भाषा तेवढी तिनं सगळ्यांत आधी बदलून घेतली. महमूद २०११ मध्ये कायमचा परत आला तेव्हा स्टेशनवर त्याला घ्यायला ती स्कूटीवर गेली. तो बॅग मांडीवर घेऊन मागे बसला आणि घरापर्यंत "हळू गो, हळू" म्हणत राहिला. बायकोचं काम मात्र त्यानंही कधी पाहिलं नाही. पुरुष तो पुरुषच, नवरा असला म्हणून काय झालं?

२०१३ मध्ये गुरुदत्तचं लग्न ठरलं. तो स्वतः आमंत्रण घेऊन आला आणि म्हणाला, "फोटो तुम्हीच काढायचे, भाभी. सहा वर्षं झाली, सगळं पनवेल तुमचं नाव घेतं, आणि मी तुमचे फोटो पाहिलेत कुणाचे, तर हादियाचे आणि कोंबड्याचे!"

त्याच्या घरी पडदा-बिडदा काही नव्हता. तरी बांगड्या भरायच्या दिवशी शरीफानं आल्या आल्या फर्मान सोडलं, "पुरुषांनी बाहेर. तासभर." गुरुदत्तचे मामा, काका, खुद्द नवरदेव, सगळे गडबडून अंगणात जाऊन उभे राहिले. तिनं दार लावून घेतलं.

आठवड्यानं ती अल्बम घेऊन गेली. आपलं काम परक्या पुरुषाच्या हातात द्यायची तिची ही पहिली वेळ. गुरुदत्त एक एक पान उलटत होता आणि ती पहिल्या दिवसासारखी श्वास रोखून बसली होती. एका पानावर तो थांबला. त्याची आई, दमयंतीबाई. तीस वर्षं शाळेत शिकवलेली, जिच्या नुसत्या पावलांनी वर्ग गप्प व्हायचे ती बाई. फोटोत तिच्या दोन्ही हातांत हिरवा चुडा होता, केसांची बट सुटली होती, आणि ती शेजारणीच्या खांद्यावर डोकं टाकून खदखदून हसत होती, कॉलेजातल्या पोरीसारखी.

गुरुदत्तचे डोळे भरून आले. "आई अशी हसते?" तो म्हणाला. "मी तीस वर्षं तिच्यासोबत राहतोय, भाभी. मला माहीतच नव्हतं."

"तुमच्यासमोर नाही हसत त्या," शरीफा म्हणाली. "म्हणून तर तुम्हाला बाहेर काढलं होतं."